भिंत सोडून चार पावलं

विहीणबाई,

नमस्कार. आधी बसा, मग वाचा.

आपल्या नातीचा आजार तुमच्या घराण्यातून आला, असं मी चारचौघांत बोलले आणि तुम्ही येणं सोडलंत. काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हे आईकडून नाही, बापाकडूनही नाही. गर्भ इवलासा असतानाच तिच्यात हा नवा बदल झाला." मी म्हटलं, "म्हणजे पोरीनं कुणाचं बघून केलं नाही!" त्या हसल्याच.

आणि आज, तिसऱ्या वर्षी, ती भिंत सोडून चार पावलं चालली! शिवताना सुई बोटात गेली, तरी टाळ्या पिटल्या मी.

चुकलं माझं. तोंडानं बोलले, माफीही तोंडानंच मागते. हे पत्र धाडत नाही, माझ्या शिवणाच्या बटणांच्या डब्यातच राहू दे. उद्या येतो आम्ही. जिना माझ्या कडेवर, उंबऱ्यापासून तिची ती. तुम्ही फक्त दार उघडा.

पाय जमिनीवर नसलेली,
तुमची तोंडाळ विहीण