राबाचा रकाना

२९ मार्च, शेणवा
या आठवड्याचं सदर शहापूरला संपादकांकडे पाठवलं. विषय: मुरबाडची कंपनी. आमच्या माळावर जिथे पूर्वी कोंबड्या असायच्या त्या शेडमध्ये आता बिनमाणसांची विमानं आणि स्वस्तातली क्षेपणास्त्रं बनतात. कोंबड्या निदान अंडी तरी द्यायच्या, असं लिहिलंय. आपली बायको त्याच शेडमध्ये नोकरीला आहे, हे लिहिलेलं नाही. वासंतीने वाचलं. म्हणाली, अंड्याचा विनोद शिळा आहे. पटलं. बदलला नाही.

३१ मार्च
वासंतीचं काम अखेर डोक्यात शिरलं. विमानाच्या नाकात कॅमेरा. स्वस्तातला, म्हणजे डोळा आहे, अक्कल नाही. ती शेडमधल्या बायकांनी द्यायची. पडद्यावर वरून काढलेले फोटो येतात. चौकट आखायची आणि सांगायचं, ही गाडी, हे जनावर, हा माणूस, ही आग. यादीत न बसणारं शेऱ्यात लिहायचं. बालवाडीत इतकी वर्षं हेच केलं म्हणते, फक्त तिथली पोरं उलट प्रश्न विचारायची.

४ एप्रिल
चाचणी. माळावर पिंपात आग पेटवलेली. विमानाने ती शोधून तिच्यावर झेपावायचं. नाकात दारू नव्हती, नशीब. पिंप सोडून गेलं ते थेट माळालगतच्या काशादादाच्या शेतात. तिथे राब भाजत होते. त्यावर आपटलं, पंखांचे तुकडे. काशादादा हातात ओला डहाळा घेऊन दहा पावलांवर उभा.
"वासंती गो, तुमची घार माज्या राबावर का आली? आमी काय वाईट केलंय तिचं?"
वासंती पंखांचे तुकडे गोळा करायला लागली. मीही, आणि मी तर उत्तरांवरच जगतो.

५ एप्रिल
उलगडा झाला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात हे इथे कुणीही सांगेल. वासंतीने अशा प्रत्येक फोटोखाली शेऱ्यात ‘राब’ लिहिलेलं. बायकांच्या नोंदी तपासणारे केदार सर पुण्याचे. त्यांना वाटलं, बाईंची टायपिंगची चूक. सगळीकडे ‘राख’ केलं, आणि राख आगीच्या रकान्यात टाकली.
एक अक्षर. आमचा मुद्रितशोधकही माझ्या सदरात हेच करतो, पण अजून कुणाच्या अंगावर विमान आलेलं नाही.

७ एप्रिल
पुढची चाचणी लष्करी अधिकाऱ्यांसमोर. त्याआधी फोटोंच्या नोंदी बरोबर आहेत म्हणून तक्त्यावर सगळ्या बायकांच्या सह्या हव्यात. वासंतीने केली नाही.
"यादीत राब येत नाय, तोवर माझी सही नाय."
चिडली की तिचं खर्डीचं माहेर जिभेवर येतं. सर म्हणाले, यादी वरून ठरते. ही म्हणाली, काशादादा खालून बघतो. मग तिला घरी बसायला सांगितलं. परत बोलावतील की नाही, कोण जाणे. आवडतं तिला हे काम. बोलत नाही, पण आवडतं.

८ एप्रिल
ती घरी. माझं कपाट आवरायला काढलंय. देशाच्या संरक्षणासाठी नाही तरी माझ्या कात्रणांसाठी कंपनीने तिला लवकर बोलवावं.

१० एप्रिल
केदार सर स्वतः दारात. बूट काढून आत आले, चहा घेतला, चुकलं म्हणाले. ही त्यांना शेतावर घेऊन गेली. मी मागे. राबाला ज्वाळा कमी, धूर जास्त, कडा चौकोनी, आणि भोवती डहाळे घेतलेली माणसं असायचीच, नाहीतर आग बांधाबाहेर जाते. सर वहीत उतरवून घेत होते. काशादादाने वही काढून घेतली आणि हातात डहाळा दिला. अर्ध्या तासात डोळे लाल, शर्ट काळा. माणूस वाईट नाही. शब्द ठाऊक नव्हता, एवढंच.

१३ एप्रिल
यादी आली. गाडी, जनावर, माणूस, आग, राब. वासंतीने सही केली. घरी येऊन दोनदा सांगितलं. मी तीनदा विचारलं.

१८ एप्रिल
अधिकाऱ्यांसमोरची चाचणी. विमान काशादादाच्या राबावर आलं. एक घिरटी घातली. दुसरी घातली. वळलं, आणि माळावरच्या पिंपावर बरोबर झेपावलं. अधिकारी पिंपाकडे बघत टाळ्या वाजवत होते, वासंती काशादादाकडे बघत होती. त्याने नुसता डहाळा वर केला.
माझ्या सदराने एवढ्या वर्षांत शहापुरातला एक गतिरोधक हलला नाही. माझ्या बायकोने एका शब्दाने विमान वळवलं. हेच लिहिलं, तिच्या नावासकट. विनोद एकही जमला नाही. संपादकांचा फोन: "तब्येत बरी आहे ना?"

२१ एप्रिल
 जेवताना वासंतीने सांगितलं. नवे फोटो आलेत. इथले नाहीत. वाळू, मातीच्या बुटक्या भिंती. एका अंगणात काहीतरी गोल जळतंय, शेजारी एक बाई उकिडवी बसलीय.
"आग नाय ती. त्यांच्यात त्याला काहीतरी म्हणत असतील."
काय, ते तिला ठाऊक नाही. सरांनाही नाही. वर विचारतो म्हणाले.
रकाना तिने कोरा ठेवलाय. उद्या सह्यांचा दिवस. तिच्या डब्यासाठी मेथी निवडून ठेवली. सही करणार का, ते मी विचारलं नाही.