पातळ लेप

तिरुअनंतपुरम, नोव्हेंबर १९९१

माय, सप्रेम जय भीम.

पेरणीआधी सरकी शेणकाल्यात घोळताना तू म्हणाली होतीस, "पोरी, लेप पातळ दे, न्हाईतर बी आतच गुदमरंल."

नस बंद पडली की डॉक्टर नळी बसवतात. इथल्या प्रयोगशाळेत त्या नळीला आतून औषधाचा लेप देणं माझं काम. जाड लेप सुटायचा, रक्ताची गुठळी व्हायची. मी पातळ दिला. काल चाचणीसाठी मेंढीच्या मानेत बसवलेली नळी काढून पाहिली, आत अगदी स्वच्छ! साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठं शिकलात?" म्हटलं, "पिंगळीला, मायजवळ."

मी मजेत आहे. चालताना तुझ्या पिंढरीत कळ येते, हे तू नाही, धाकट्या सितारामनं मला का कळवावं?

इथं ये, तुझी नस दाखवू. कापसाची वेचणी टाकून येणार नाहीस, ठाऊक आहे. तरी ये, माय.

तुझीच,
सत्यशीला