धाकटीचा अर्क गाळताना

२ मार्च, सोमवार

धाकटीची बरणी घरी आणली. भावजींनी स्वतः पिशवीत घालून दिली आणि तोंड फिरवलं. दारूत मुरत घातलेल्या संत्र्याच्या साली — शेवटचं दवाखान्यात जायच्या आधी तिनेच घातलेल्या. बेकरीच्या केकसाठी अर्क करायची ती.

फोनवर आईचं एकच — "फोटोबिटो नको मला. तेवढं गाळून दे. तिच्या हातांना तोच वास असायचा गं." रविवारी न्यायला येणार आहे.

सगळे म्हणतात, रडून घे एकदा. येत नाही रडू, काय करू! जेवण मातीसारखं लागतं. दुःखात असंच होतं म्हणे.

३ मार्च

झाकण उघडताना श्वास धरून ठेवला. वास घ्यायची हिंमत नव्हती.

चहाची गाळणी कुचकामी, भुगा सगळा खाली! मग मलमलचं फडकं चौपदरी करून प्लास्टिकच्या नरसाळ्यात बसवलं. नरसाळं बाटलीच्या तोंडाला घट्ट बसलं, हवा बाहेर येईना, अर्क वरच तुंबला. कडेला काडी खोचली तेव्हा उतरला. अर्धी बरणी गाळून झाल्यावर धीर करून नाक लावलं.

काही नाही. पाणी!

घाईने बरणीला झाकण लावलं. उरलेलं वाया घालवायचं नाही.

४ मार्च

दुकानात बाही उलटी शिवली. मालकीणबाईंनी स्वतःच उसवून दिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

येताना काचसामानवाल्याकडे गेले. त्याने डोळे मिटून ऐकून घेतलं. "ताई, प्लास्टिक संत्र्याचं तेल पितं. काचेचं घ्या, आतून रेघा असलेलं. गाळायचा कागद रेघांवर टेकतो, चिकटत नाही, धार चालू राहते." कोळशाची पूड घालू का विचारलं, तर दोन्ही हात जोडले त्याने! "रंग जाईल आणि वासही जाईल. आणि कागद भिजवायचा तर दारूनेच हं. पाणी लागलं की अर्क दुधाळ होतो."

काचेचं नरसाळं, कागदाची पुडी. बाई, काय जपून आणलं मी ते!

५ मार्च

कागद. थेंब थेंब. ढवळायचं नाही, पिळायचं नाही. स्टुलावर बसून नुसती बघत राहिले. धाकटीला एवढा धीर कुठून आला? लहानपणी वेणी घालायलाही थांबायची नाही.

६ मार्च

उतरला सगळा. मधासारखा रंग, खाली कण नाही. असा सुरेख अर्क तिलाही जमला नसता.

वास नाही.

म्हणजे मीच घालवला. तिच्या हातचं शेवटचं होतं, आणि मी फडकी, नरसाळी, कागद करत त्याची वाट लावली. आईला काय देऊ? रंगीत दारू? रडू तरीही नाही. दगड झालाय माझा.

७ मार्च

लबाडी करायचं ठरवलं. बाजारातून संत्र्याच्या इसेन्सची बाटली आणली, दोन थेंब टाकायचे म्हणून. आधी हुंगून बघितलं — त्यालाही वास नाही! चोर मेले, पाणी भरून विकतात. चडफडत मोरीत ओतून दिलं. आता आई जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

८ मार्च, रविवार

आई आली. बाटली कपाटात, बूच घट्ट. अजून दाखवलीही नव्हती. उंबऱ्यातच थांबली, भिंतीला धरून.

"अगं, घरभर धाकटीच आहे की!"

आणि ढसाढसा रडायला लागली.

मी आत जाऊन बाटली उघडली, नाकाला लावली. मग लवंगेचा डबा. मग साबण. मग लसूण ठेचून हाताला चोळला. कशालाच काही नाही. नाकच गेलंय माझं.

बाहेरून आई म्हणाली, "येतोय ना गं तुला?"

"हो," म्हटलं. "येतोय." आणि मग मलाही रडू फुटलं.