थांबा की खोळंबा

दि. ९, सोमवार, रात्र

धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. नको असला तर कागदावरच राहू दे, नासत नाही. आम्ही बरे आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा दुखतो, पण क्लच दाबण्यापुरता चालतो; मागे दाराशी भाडं गोळा करायला मी असतेच. तू कशी आहेस ते विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. चौथी पास बाईचं अक्षर आहे, नीट लावून वाच.

आमच्या मार्गावर एक मुलगी आलीय. सगळे तिला नकाशावाली म्हणतात. हातात फोन धरून दिवसभर आमच्या शेअर गाड्यांतून फिरते. गाडी कुठून जाते, कुठे थांबते, कोण चढलं, कोण उतरलं, सगळं टिपून नकाशासाठी तक्ता भरते. म्हटलं, "कोणासाठी गं हे?" तर म्हणे, "सगळ्यांसाठी, मावशी. अर्धं शहर तुमच्या गाड्यांतून जातं आणि नकाशावर तुम्ही नाहीच." जगभर हा तक्ता एकाच पद्धतीने भरतात, म्हणून कुठलाही फोन तो वाचतो. मालक कोणी नाही, कुणीही उघडावा. बरं वाटलं ऐकून. पण प्रश्न किती! "गाडी किती वाजता सुटते?" अगं बाई, भरली की सुटते. एवढं लिहायला तिच्याकडे रकाना नव्हता. शेवटी "साधारण दर दहा मिनिटांनी" असं बसवलं. म्हटलं, बसव, आमचं काय जातंय.

मग तुझं घर आलं. गाडी थांबली. तिने मान वर केली.

"मावशी, इथे कोण उतरलं?"

"कोणी नाही."

"चढलं?"

"डोळे आहेत ना तुला?"

"मग थांबलो कशाला?"

पुढून तुझे दाजी म्हणाले, "इंजिन तापलंय."

"काका, कालपासून अकरा फेऱ्या झाल्या. अकराही वेळा इथेच तापलं?"

अख्खी गाडी हसली. मी नाही हसले.

गोदामाच्या भिंतीला लागून तुझं एकच दार, तिथे चढायला दुसरं आहे कोण? तू तर पार चौकापर्यंत चालत जाऊन दुसरी गाडी धरतेस. आम्ही थांबलो की खिडकी लावून घेतेस, तेही दिसतं मला.

तक्ता शुक्रवारी सगळ्यांना खुला होणार. मुलगी म्हणाली, गुरुवारपर्यंत इथे एकही माणूस चढलं-उतरलं नाही तर हा थांबा धरता येणार नाही. "मग हा नुसता खोळंबा, मावशी. खोडावा लागेल." दाजी म्हणाले, "मीच उतरतो आणि चढतो." तर ड्रायव्हर-कंडक्टर मोजत नाहीत म्हणे.

खोळंबा. तो शब्द तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आता लिहूनच टाकते. आई गेली त्या सकाळी तू दारातून हात दाखवलास. मी पाहिला. गाडी गच्च होती, दाराला दोघं लटकलेले. मला वाटलं, बाजाराला निघाली असेल, येईल मागच्या गाडीने. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दाजींचा पाय ब्रेकवर होता. मी दोन मारल्या. शेवटच्या स्टॉपवर मला दवाखान्याचा निरोप मिळाला. तुला तो आधीच मिळाला होता, हे मला कुठे ठाऊक?

तू पोचलीस तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढली होती. आणि सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुला म्हटलं, "आता सुचलं होय यायला?"

तू एका वाक्यात माझं तोंड बंद केलं असतंस. नाही केलंस. मुकाट्याने ऐकून घेतलंस आणि गेलीस. दोन वर्षं झाली. दाजींनी मला कधी टोचलं नाही. मी मात्र प्रत्येक फेरीला तुझ्या दाराशी एक थाप मारते. प्रवासी शिव्या घालतात, घालू देत.

मला माफी मागता येत नाही, तुला माहीत आहे. चुकले. हे एकदाच लिहिते.

गुरुवारी आम्ही सहा वेळा तुझ्या दारावरून जाऊ. एका फेरीला चढ. पुढच्याच चौकात उतर, माझ्याशी बोलू नकोस, तोंडही बघू नकोस. नकाशासाठी म्हणून चढ हवं तर. एक सीट रिकामी ठेवते, गाडी कितीही भरली तरी. नाही चढलीस तर ती मुलगी खोडेल, तिचं कामच आहे ते. मी थांबणारच.

'तुझी' लिहू की नको, ते तू ठरव.

अक्का