सरांपर्यंत चारशे वॅट

८ जानेवारी, रविवार. सकाळी ८.१५
आजपासून रोजनिशी. मुद्देसूद. भावनांना थारा नाही.
दर रविवारी साडेसातला आम्ही हौशी रेडिओवाले एका फ्रिक्वेन्सीवर जमतो, त्याला नेट म्हणतात. सरही येतात. सर म्हणजे ज्यांनी मला कॉलेजात रेडिओ शिकवला ते. वय ब्याऐंशी, गाव सहा तासांच्या बसवर. आज मी तीनदा बोललो, सरांना ऐकू गेलं नाही. चौथ्यांदा ते बाकीच्यांना म्हणाले की तो आज आलेला दिसत नाही. चौतीस वर्षांत मी एक रविवार चुकवलेला नाही! जिवाची नुसती तगमग झाली.
नेट चालवणारा डॉक्टर म्हणाला की त्याला मी स्वच्छ ऐकू येतो. सभ्य माणूस. तोंडावर कसं सांगणार?
माझे शंभर वॅट अपुरे पडतात हे उघड आहे. चारशे वॅटचा ॲम्प्लिफायर बांधणार. घरी, स्वतः. ५ फेब्रुवारीला सर माझ्याशी बोलतील.

११ जानेवारी
सौ.ला योजना सांगितली. तिने विचारलं, सरांना फोन का करत नाही? हसलो.
तरी केला. त्यांच्या सुनेनं उचलून सरांच्या हातात दिला. ते हॅलो हॅलो करत राहिले, मी घसा फोडत राहिलो. शेवटी लाइन खराब आहे म्हणून त्यांनी ठेवून दिला. फोनच्या लाइनी हल्ली इतक्या भिकार झाल्यात! म्हणून तर बिनतारी.

१५ जानेवारी, रविवार
आज सरांना डॉक्टरही ऐकू आला नाही. दुसरे चौघंही नाहीत. म्हणजे सगळ्या नेटचीच ताकद कमी पडते आहे. आता पोचेन तो मी एकटाच. त्या पाच जणांबद्दल वाईट वाटलं. थोडंसं.

१९ जानेवारी, दुपार
ट्रान्झिस्टर आले. ते थंड ठेवणारा हीटसिंक आला. जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. सौ.ने विचारलं, किती दिवस? म्हटलं, दोन.

२४ जानेवारी
फेराइटच्या कड्यावर तार गुंडाळतो आहे. नऊ वेढे हवेत. मोजत असताना सौ.ने भाजी कुठली करू विचारलं. दहा झाले. सोडवले. पुन्हा गुंडाळले तर आठ. दोष कुणाचा ते इथे लिहीत नाही, ही वही सौ. चोरून वाचते असा संशय आहे.

२८ जानेवारी, सकाळी ११.०५
पहिली चाचणी. सगळं तीनदा तपासलंय. काही चुकणं शक्यच नाही.

११.०७
दोन्ही ट्रान्झिस्टर गेले. धूर फार नाही. नकली माल गळ्यात मारला मेल्यांनी.

११.४०
नकली नव्हते. सप्लायच्या तारा उलट्या लागल्या होत्या. या खोलीत उजेड इतका कमी आहे की तांबडं काळं दिसतं.

५ फेब्रुवारी, रविवार
ठरलेला दिवस. ॲम्प्लिफायर टेबलावर उताणा पडलाय. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो.
सरांनी आज मला पुकारलं. थांबले. पुन्हा पुकारलं. मी उत्तर देत होतो हो! शेवटी ते म्हणाले, बरा असेल ना तो? माइकवर डोकं आपटायचं तेवढं बाकी राहिलं.
नवी तारीख १९ फेब्रुवारी. यात बदल नाही.

१२ फेब्रुवारी
नवे ट्रान्झिस्टर बसवले. चालू केला आणि मी तोंड उघडायच्या आतच मीटरचा काटा तीनशेवर! काय ती ताकद!
मेहुण्याला दाखवायला बोलावलं. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, ही ताकद नव्हे, बिघाड आहे. आउटपुट परत इनपुटमध्ये शिरतंय, म्हणून तो स्वतःचंच ऐकून स्वतःच बोंबलत सुटलाय, बाहेरून कुणी काही सांगायची गरजच नाही. अगदी मालकावर गेलाय म्हणे. सौ.ला इतकं हसायचं कारण नव्हतं.

१६ फेब्रुवारी
इनपुट-आउटपुटच्या मध्ये पत्रा उभा केला. बोंबलणं बंद. मेहुण्याने हेच सुचवलं होतं, पण मला त्याच्या आधी सुचलं होतं. बोललो नव्हतो इतकंच.

१९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.०५
चारशे वॅट! डॉक्टर म्हणाला, कानठळ्या बसल्या. सर गप्प.

८.२०
खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या टीव्हीतून मी सर, सर, मी बोलतोय असं ओरडत होतो म्हणे. आणि त्यांची दारावरची बेल माझ्या प्रत्येक शब्दाला वाजत होती. सहा वेळा दार उघडून आल्या बिचाऱ्या. सौ.ने चहा देऊन शांत केलं.
अख्ख्या इमारतीला ऐकू जातो मी. ज्यांच्यासाठी केलं त्यांना नाही. नशीब फुटकं, दुसरं काय!

२६ फेब्रुवारी, रविवार
फिल्टर बसवला. काकूंचा टीव्ही स्वच्छ, बेल मुकी, चारशे वॅट कायम. आता खोट काढायला जागा नाही.
सरांना अकरा वेळा हाक मारली. ते म्हणाले, आज कुणाचाच आवाज येत नाही. आणि सेट बंद केला.
सौ. दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, उद्या पहिली बस धरा. म्हटलं, समोर जाऊनच बोलायचं तर लायसन्स कशाला काढलं? तिने बॅग भरली.
ठीक. त्यांचा अँटेना तपासायला जातो आहे. फक्त अँटेना.

२८ फेब्रुवारी, बसमध्ये
अँटेना उत्तम आहे. रिसिव्हर उत्तम आहे.
सर सेटसमोर बसले होते, गळ्यात हेडफोन. मला बघून दोन्ही हात धरले. मी म्हटलं, सर, मी दर रविवारी बोलतो. ते म्हणाले, मोठ्याने बोल. मोठ्याने बोललो. दोन फुटांवरून. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.
सुनेनं मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. संपत आलेल्या बॅटरीसारखे हळूहळू उतरत गेले कान, आणि दीड-दोन महिन्यांपासून पूर्ण गेले. कानाच्या यंत्राचं नाव काढलं की चिडतात. म्हणतात, दोष समोरच्यांचा आहे.
परत खोलीत आलो तर सरांनी लॉगबुक उघडून ठेवलं होतं. रिसिव्हरवर सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या काट्याची दर रविवारची नोंद. काटा हलला, आवाज नाही. १९ तारखेला, काटा शेवटाला टेकला, आवाज नाही. मग फळ्यासमोर उभे राहायचे तसे बोट उगारून समजावून सांगू लागले. सिग्नल पोचतो. इतका जोरदार सिग्नल तुझाच असणार. पण आवाज येत नाही. म्हणजे तुझा माइक मेलाय.
तर्कात चूक काढता येईना. विचारणार होतो, सर, मग सगळ्यांचेच माइक मेले का? ते माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणतो याची वाट बघत होते, आणि घाबरलेले होते. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.
त्यांच्याच पॅडवर लिहून दिलं. होय सर. चूक माझीच. माइक बदलतो.
सर खदखदून हसले. पाठीत एक धपाटा घातला. म्हणाले, मला वाटलंच होतं, तू पहिल्यापासून धांदरट.
ॲम्प्लिफायर मोडत नाही. जेवणाच्या टेबलावरून हलवतो फक्त. रविवारी साडेसातला चारशे वॅटवर हाक मारणार आहे. सरांना काटा नीट दिसायला हवा.