हळदीतला कोकम-सोडा

आई, काल तुझ्या नातीची हळद झाली आणि मांडवात दारू नव्हती. आपल्याकडची हळद आणि कोरडी, हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. पूर्णा-मानकोलीचे सगळे भाऊबंद आले होते आणि अर्ध्यांनी तोंडं वाकडी केली. माझ्या दिरानं तर भर मांडवात विचारलं, "वैनी, हलद हाय का सत्यनारायण?" मी म्हटलं, भावजी, हा कोकम-सोडा तीर्थ समजा आणि घ्या. कुणी काय म्हणायचं ते म्हणो, मला फक्त तुझा धाकटा यायला हवा होता. सख्ख्या मामाशिवाय पोरीला हळद कशी लावायची? आणि दारू सोडल्यापासून तो कुणाच्याच हळदीला जात नाही. लग्नाला जातो, अक्षता टाकतो, घरी येतो. हळदीचं नाव काढलं की म्हणतो, "नको ताई, माझा माझ्यावर भरवसा न्हाय."

तुझं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. तो लूमवरची ड्युटी संपवून येतोय, आणि तू आधीच ओट्यावर सगळं मांडून ठेवलंयस. कोकमाचं आगळ, गुळाचं पाणी, लिंबू, भाजलेलं जिरं, नाक्यावरची सोड्याची बाटली. शेजारी ताटलीत चणे आणि कांदा, अगदी बैठकीला असतात तसे. हे लाड कशाला, असं मी चिडून विचारलं होतं. "त्या टायमाला त्याच्या हाताला पेला लागतो गं," तू म्हणालीस. "पेल्यात काय हाय ते आपण ठरवू." मीठ आधी घालायचं आणि सोडा शेवटी, पेला तिरका धरून. एकदा मी शहाणपणा करून काळं मीठ वरून टाकलं, तर फेस उतू जाऊन थेट तुझ्या पायांवर. "घाल, आनखी घाल," तू म्हणालीस, "पाय तरी धुवून निघतील." तो पेला संपवायचा, तुला बरं वाटावं म्हणून मोठ्ठी ढेकर द्यायचा आणि चपला घालून तिकडे गुत्त्यावर जायचाच. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा लिंबू कापायला बसायचीस. तेव्हा मला तुझा राग यायचा. आता नुसती माया येते. त्यानं सोडली ती तू गेल्यावर, हे मात्र माझ्या जिवाला लागून राहिलंय.

तर काल तो आला. आल्या आल्या बाह्या सरसावून कोकमाच्या पातेल्यापाशी उभा राहिला. माझी लेक मोबाईलवर बघून पुदिना ठेचायला लागली, याला मॉकटेल म्हणतात म्हणे. त्यानं तिला दटावलं, "मीठ आधी टाक, न्हायतर आजीला विचार काय व्हतं ते." तोंड वाकडं करणारा दीर पुन्हा पेला पुढे करताना मी पाहिला.

मग तुझा धाकटा स्वतःचा पेला खुर्चीवर ठेवून भाचीला हळद लावायला गेला. मी तो पेला उचलला आणि वास घेतला. मान वर करते तर तो माझ्याकडेच बघतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो रागावला नाही. जवळ आला, हळदीच्या हातानं पेला घेतला, एक घोट प्यायला आणि म्हणाला, "मी घरी आलो की आईपण आधी वास घ्यायची. तिला सांग, आता नुसता जिऱ्याचा येतो."

म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे ते कळत नाही, तेव्हा राहू दे इथंच, आगळाच्या बरणीखाली. आणि खरं सांगू का, तो परत आला की मी परत वास घेईन.