दोन्ही हातांनी

५ नोव्हेंबर, बुधवार

पोहोचलो एकदाच्या. मानोऱ्याच्या बसने इंझोरीला उतरवलं आणि तिथून वस्तीपर्यंत आम्ही दोघी मायलेकी एका मालवाहू ऑटोत ढेपेच्या पोत्यांवर बसून आलो. तेवढ्या वेळात कस्तुरीने ऑटोवाल्याचं नाव, त्याच्या बायकोचं नाव आणि त्याने सकाळी काय खाल्लं हे सगळं काढून घेतलं. पाच वर्षांची आहे, पण तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबत नाही. झोपेतही बोलते. वस्तीच्या तोंडाशी एक म्हैस बांधलेली होती, तिच्यापुढे उभी राहून तिचीही चौकशी झाली. "म्हशी म्हशी, तुझं नाव काय? माझं नाव कस्तुरी." म्हशीने उत्तर दिलं नाही म्हणून रुसली.

सेवादास गुरुजी दारातच उभे होते. पांढरं धोतर, जाड चष्मा आणि आवाज इतका मऊ की कान पुढे करावा लागतो. त्यांनी आधी कस्तुरीच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझी विचारपूस केली. मला बरं वाटलं. माझ्या लेकीचे लाड करणारी माणसं मला लगेच आवडतात.

त्यांच्या घरामागची खोली आम्हाला दिली आहे. पत्र्याची आहे पण स्वच्छ, दोन बाजा, गॅस, खिडकीतून तुरीचं शेत. फी नाही. मी दोनदा विचारलं, नाहीच म्हणाले. अट एकच. माझ्याकडे लोक येतील, काहीबाही देतील, ते दोन्ही हातांनी घ्यायचं आणि नाही म्हणायचं नाही. मला हसूच आलं. आठ वर्षं अकोल्यात साड्यांच्या दुकानात लोकांपुढे घड्या मोडल्या, आता कुणी मला देणार असेल तर मी कशाला नाही म्हणू?

फोनवरचा ज्योतिषाचा वर्ग माझा झालेला आहे. राशी, नक्षत्रं पाठ आहेत. पण दशा आणि गोचर एकत्र वाचायची वेळ आली की माझी गाडी रुतते. तेच शिकवायला गुरुजींनी बोलावलं, आधी आम्हा दोघींच्या पत्रिका मागवून घेऊन. ते एवढं जमलं की अकोल्याला परत जायचं, एक खोली घ्यायची आणि पाटी लावायची. नवरा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. कस्तुरीला मीच आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

काय लोक आहेत. सकाळपासून रीघ. धरमसिंग नावाचा एक लंगडत चालणारा माणूस नव्या काळ्या चपला घेऊन आला, त्या बरोबर माझ्या मापाच्या. एका म्हातारीने लोखंडी तवा दिला, कुणी घोंगडी, कुणी तिळाचं तेल. मी चहा टाकते म्हटलं तर कुणी थांबलं नाही. देतात, हात जोडतात आणि मागे वळून न बघता चालू लागतात. धरमसिंगच्या तर डोळ्यांत पाणी होतं.

गुरुजी म्हणाले, शनीचं दान आहे, सध्या शनी मीनेत आहे, बऱ्याच जणांना साडेसाती चालू आहे. मी म्हटलं, चांगलं आहे, त्यांची साडेसाती आणि माझी चंगळ. ते हसले नाहीत. विनोद त्यांच्या गावीच नाही बहुतेक.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजचा धडा डोक्यात बसला. गुरुजींनी सांगितलं, दशा म्हणजे घरात कारभार कुणाच्या हाती आहे ते. गोचर म्हणजे दारात पाहुणा कोण आलाय ते. कारभाऱ्याने दार उघडलं तर पाहुणा आत येणार, नाहीतर ओट्यावर बसून निघून जाणार. नुसता शनी आला म्हणून कुणाचं वाटोळं होत नाही. मी म्हटलं, कळलं, माझ्या सासरी कारभार सासूचा होता आणि गोचर नणंदेचं.

सरावाला पत्रिका दिल्या त्या माझी आणि कस्तुरीची. कस्तुरीचं रेवती नक्षत्र, जन्मापासून बुधाची महादशा. बुध म्हणजे वाणी. मनात म्हटलं, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? गुरुजी तिच्या पत्रिकेवर फार वेळ थांबले. खूप चांगली जागा आहे, असं काहीतरी पुटपुटले.

आज लतीफा आली होती. इंझोरीची बांगडीवाली, दर बुधवारी वस्तीत येते. तिच्याबरोबर तिची सात वर्षांची नाजिया. दोन्ही पोरींचं एका मिनिटात जमलं. लतीफाने कस्तुरीच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "माही पोट्टी इकडं यायले कंटाळते. आता रोज इचारन, बुधवार कधी हाय."

१६ नोव्हेंबर, रविवार

उजवा पाय घोट्यापासून सुजला आहे. चपला लागल्या असतील म्हणून हळद-तेल लावलं. बोटांना टाचणी टोचली तरी कळत नाही.

दुपारी धरमसिंग दिसला. सायकल मारत चालला होता. मी हाक मारली, तर मान खाली घालून जोरात निघून गेला. लंगडत नव्हता.

मी पायातल्या चपला काढून खोलीबाहेर ठेवल्या. मग स्वतःलाच हसले. सुजलेला पाय घेऊन हसणं काही फार चांगलं दिसत नसावं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी रुपाबाई आली, पलीकडच्या घरची आजी. तिचा नातू राजू सहा वर्षांचा, जन्मापासून मुका. तो तिच्या पदराला धरून उभा होता. तिने हिरवा फ्रॉक आणला होता, बाह्यांना झालर, त्यावर मूठभर मूग. मी हात पुढे केले तर तिने ते माझ्या हातांना लागू दिलं नाही. "तुले नाही, बाई. लेकीले घेऊ दे."

मला काहीतरी टोचलं. पायाचं आठवलं. पण कस्तुरी धावत आली, तिने दोन्ही हात पसरले, फ्रॉक छातीशी धरला आणि म्हणाली, आजी, हा माझाच का?

रुपाबाई रडली. हो म्हणाली. राजूला उचलून पळतच गेली.

मी थांबवू शकले असते. मध्ये फक्त एक बाज होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कस्तुरी सकाळपासून बोलत नाही. ओठ हलतात. आवाज नाही. स्वतःच घाबरली आहे, माझा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वाशीमला नेलं. डॉक्टरांनी घसा बघितला, कान बघितले. सगळं ठीक आहे म्हणाले. काही धक्का बसलाय का, असं विचारलं. मी काय सांगणार, फ्रॉक घेतला?

येताना एसटीत ती खिडकीतून म्हशी बघत होती. एकीलाही काही विचारलं नाही. मी तोंडावर पदर धरून रडले.

२३ नोव्हेंबर, रविवार

राजू बोलला.

मी पाणी भरत होते. रुपाबाईच्या अंगणात माणसं जमली होती, कुणीतरी पेढे वाटत होतं. तो गोठ्यापुढे उभा राहून बोलत होता, स्वच्छ, न अडखळता. म्हशी म्हशी, तुझं नाव काय? आवाज मुलाचा नव्हता. तो आवाज मी पाच वर्षं रोज ऐकला आहे.

कस्तुरी माझ्याशेजारी उभी होती. तिने ओळखला. ती त्याच्याकडे बोट दाखवत राहिली, आणि लोक माना फिरवून पेढे खात राहिले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गुरुजींना जाब विचारला. शिव्या दिल्या, वाटेल ते बोलले. ते शांत. म्हणाले, "मी कोनाले जबरदस्ती नाही केली, बाई. तिनं हासत घेतलं."

म्हणाले, ग्रहाचं देणं संपत नाही, फक्त हात बदलतं. कुणाच्या तरी पदरात पडावंच लागतं, मग आपल्या माणसांच्या का? मी निघून गेले तरी चालेल, कुणी अडवणार नाही, फाट्यावर बस मिळते. पण पोरीचं जे गेलं ते इथून नेता येणार नाही.

मी विचारलं, मलाच का बोलावलंत? तर म्हणाले, "तुही पत्रिका त निस्ती पाह्यली. घेतली थे पोरीची."

आणि मग त्यांनी शिकवायची पाटी काढली. रोजच्यासारखीच, रोजच्याच आवाजात. कसं पुढे द्यायचं ते शिकवलं. बुधवार, मूग, काशाचं भांडं. भांडं परत मागायचं नाही; ते भरून आलं आणि कुणी घेतलं, तर दिलेलं तिथल्या तिथे परत येतं. घेणारीने खुशीने घ्यायला हवं. आणि तिच्या पत्रिकेत बुधाला जागा हवी, नाहीतर लागत नाही. माझी पत्रिका त्यांनी आधीच बघितली होती. माझ्यात जागा नाही. मी रडत विचारलं होतं, मला घेता येईल का.

मी सगळं लिहून घेतलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लतीफाला फोन केला. नाजियाची पत्रिका करून देते म्हटलं, प्रेमाने, फुकट. ती हसली, आमच्यात हे बघत नाहीत म्हणाली, पण तारीख सांगितली. वेळ विचारली तर म्हणाली, "मगरिबची, सांजची अजान चालू होती."

मी मांडली. आश्लेषा. बुधाची दशा, पुष्कळ उरलेली. चंद्रापासून आठवा राहू. कारभारी कोण, पाहुणा कोण, दार कुठलं उघडं, सगळं सरळ दिसलं. कुठे अडलं नाही. आज मला पहिल्यांदा दशा आणि गोचर एकत्र वाचता आलं.

गुरुजींनी पाटी बघितली. मान डोलावली. शाबास म्हणाले.

लतीफाकडे हे मानत नाहीत. मग त्यांना कदाचित लागणारही नाही — असं मी मनाला सांगते आहे. मनाला पटत नाही. तरी मूग भाजले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दिले. मुगाचे लाडू, काशाच्या वाटीत. कस्तुरीने माझा पदर धरला, मान हलवत राहिली, जोरजोरात, नाही, नाही. मी तिला आत ढकललं. पडली.

नाजियाने घेतले. हसत. शुक्रिया, काकी, म्हणाली.

ती वळली तेव्हा मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, वाटी आणून दे हं, सावकाश. शेजारणीला म्हणतो तसं. तोंडातून निघून गेलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बोलली!

डोळे उघडले आणि म्हणाली, आई, तू वाईट आहेस.

वाईट तर वाईट. मी तिला धरून हसले, रडले, म्हटलं, पुन्हा म्हण. पुन्हा म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पाय गुडघ्यापर्यंत काळा. उभं राहता येत नाही. गुरुजी म्हणाले, याचंही देता येईल, शिकवीन. आजही नव्या चपला घेऊन माणसं आली, मी दार लावून घेतलं. चपला दारात ठेवून गेली.

लतीफाचा फोन येतो. मी उचलत नाही.

पाय थोडा उतरला की पहिली बस धरायची. कस्तुरीला उचलून न्यावं लागलं तरी —

२ डिसेंबर, मंगळवार

बाजेवर पडून असते. ती अंगणात बोलते ते सगळं लिहून काढते. एक शब्दही वाया जाऊ द्यायचा नाही.

आई, मुंगीला घर सापडलं. आई, ऊन गरम का असतं? आई, नाजिया कधी येणार? आई, तिचं बोलणं माझ्या तोंडात आहे का?

हेही लिहून काढलं.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळ. कस्तुरी अंगणात. आई, चिमणी आली. आई, ही दुसरी आली. आई, ह्या बहिणी आहेत का?

आई, लतीफा मावशी आली. नाजियापण आली.

दार ओढलेलं आहे. मला उठता येत नाही. लतीफाचा आवाज — बाई कुठं हाय? — पोट्टीचं बोलनंच बंद झालं, आठ दिस झाले, वाशीमले नेलं, कोनालेच समजून नाही राह्यलं — बाईले इचारा लागते, पत्रिका पाह्यली होती तिनं —

नाजियाचा आवाज नाही.

वाटी आनली, बेटा. रिकामं बर्तन कसं देऊ? खजूर हायेत. नाजियानंच भरले, तुह्यासाठी —

रिकामी दे, लतीफा. रिकामी — मी ओरडले, कस्तुरी, घेऊ नको — बाजेवरून पडले, वही हातात — घेऊ नको —

ती म्हणते आहे, आई, खजूर आहेत, ओरडू नको, मी घेतले, तुला पण आण